शेजारची सीट

११ फेब्रुवारी

निळीला पुन्हा ओरखडा पडलाय. मागच्या दाराच्या खाली, तळहाताएवढा. कोण करतं कळत नाही. आमच्या आवारात हल्ली लोक वाटेल तशा गाड्या लावतात, आणि फाटकाचा खांब तर मला वाटतं मागच्या दुरुस्तीत सोसायटीवाल्यांनी आत सरकवलाच आहे. मेकॅनिककडे घेऊन गेले. त्याने निळीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "मॅडम, भिंत परत आडवी आली वाटतं?"

"भिंत कशाला आडवी येईल? कुणीतरी घासून गेलंय."

"असेल, असेल. भिंतींचा काही भरवसा नाही हल्ली," म्हणाला आणि रंगाचा डबा शोधायला आत गेला. चावट माणूस आहे, पण हात चांगला. ह्यांच्या वेळेपासून निळी त्याच्याकडेच जाते.

परत आले तेव्हा भिंगरी आवारात सायकल भिंतीला टेकवत होती. तिच्या सायकलचं स्टँड तुटून किती दिवस झाले, दुरुस्त करून घेईल तर शपथ. जिथे जाईल तिथे भिंत नाहीतर झाड शोधत फिरते. मी म्हटलं, "अगं, एक दिवस आडवी होईल ती."

"मी धरली की नाही होत."

मग तिने निळीचा ताजा रंग बघितला, आणि नंतर फाटकाच्या खांबाकडे बराच वेळ बघत उभी राहिली. सायकलवाल्यांना गाडीच्या दुखण्यात एवढा रस कधीपासून?

१५ फेब्रुवारी

आज भिंगरीची मित्रमंडळी चहाला आली होती. भिंगरी म्हणजे माझी नात, मुलाची मुलगी. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून हे तिला भिंगरी म्हणायचे, तेच राहिलं. इथे नोकरी लागली तेव्हापासून माझ्याकडे राहते. रस्त्यांची आखणी करणाऱ्या ऑफिसात आहे. पायी चालणाऱ्यांनी रस्ता कुठून आणि कसा ओलांडावा, हे ठरवणं तिचं काम. मी एकदा विचारलं, "त्याला शिकावं लागतं?" तर दोन दिवस बोलली नाही.

ह्या सगळ्या मुलांनी एक पण केलाय. गाडी घ्यायची नाही, चालवायची नाही, आणि बस, ट्रेन, सायकल असताना गाडीत बसायचंही नाही. त्यांच्यात एक उंच, काटकुळा मुलगा आहे, त्याला सगळे बांबू म्हणतात. तो स्वतःच्या बहिणीच्या लग्नाला विमानाने न जाता ट्रेनने गेला.

"मग पोचलास का?" मी विचारलं.

"जेवणाला पोचलो, आजी."

"बहीण काय म्हणाली?"

"अजून काहीच म्हणत नाहीये. बोलतच नाही ती."

सगळे हसले, तोही हसला. मी म्हटलं, "तुमच्या वयात आम्हाला लायसन्स म्हणजे पंख वाटायचे."

"आम्हाला लोढणं वाटतं," बांबू म्हणाला. "गाडी घ्या, मग तिला जागा शोधा, मग तिला पाजा, आणि वर धूर लोकांच्या नाकात."

भिंगरी खिडकीपाशी होती. "आजी, इकडे ये. खाली बघ. एवढ्या गाड्या, दिवसभर नुसत्या झोपलेल्या म्हशींसारख्या पडून असतात. चार घरांत एक पुरते."

"आणि अडीअडचणीला?"

"त्यासाठीच ती एक." मग माझा हात धरून हळूच म्हणाली, "निळी देऊन टाकूया ना आजी. खरंच. आपण दोघी बसने फिरू. मी नेईन तुला."

मी हात सोडवून घेतला. पृथ्वी वाचवायची तर वाचवा, पण सुरुवात माझ्यापासून कशाला? तेवढ्यात कुणीतरी अगदी टेबलाच्या कडेला ठेवलेल्या कपाला माझा हात लागला आणि चहा सतरंजीभर झाला. मंडळी एकदम गप्प. चहाच सांडला होता, रक्त नाही. हल्लीच्या मुलांना हसावं कुठे आणि गप्प कुठे बसावं, कळत नाही.

१६ फेब्रुवारी

कालचं 'मी नेईन तुला' मनातून जात नाही. म्हणून आज शाळेतल्या सिस्टरची आठवण काढत बसले.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये लांबच लांब व्हरांडे होते, त्यांना पॉलिशचा वास यायचा, आणि आम्हाला तिथे धावायला बंदी होती. आणि ह्या सगळ्या शिस्तीच्या मधोमध एक सिस्टर शाळेची व्हॅन चालवायची. पांढरा झगा, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, डोक्यावरचं वस्त्र वाऱ्याने फडफडू नये म्हणून त्याला चिमटे. रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. वरच्या वर्गातल्या आम्हा चार-पाच जणींना तिने मैदानात गाडी शिकवली. "आधी आरसा, मग मान, मग पाय," ती म्हणायची. आरशात बघा, मान वळवून बघा, मगच पायाला काम द्या. आणि म्हणायची, "मुलींनो, कुणी न्यायला येईल म्हणून दारात ताटकळत उभ्या राहू नका."

मी कधीच राहिले नाही. ह्यांना गाडी जमली नाही, जमावी अशी त्यांची इच्छाही नव्हती. मुलाला शाळेत मी नेलं, सासूबाईंना दवाखान्यात मी नेलं, ह्यांना शेवटी हॉस्पिटलमध्ये नेलं तेही मीच. हे शेजारच्या सीटवर बसले की पहिल्या वळणापर्यंत झोपायचे. "तू चालवत असलीस की मला झोप लागते," म्हणायचे. लोक बायकोला काय काय म्हणतात. मला ह्याहून मोठं कुणी काही म्हटलेलं नाही.

२३ फेब्रुवारी

लायसन्स नवीन करून आणलं! डोळे तपासणाऱ्या माणसाने अगदी खालची ओळ वाचायला सांगितली, ती मी सरळ वाचली, आणि मग त्याला गंमत वाटावी म्हणून उलटी वाचली. "तुमच्या निम्म्या वयाच्या लोकांना जमत नाही," म्हणाला. भिंगरीला लगेच फोन केला.

"बाजूचं तपासलं का गं आजी? समोर बघत असताना कडेचं किती दिसतं ते?"

"कडेचं काय तपासायचं? रस्ता समोर असतो."

अभिनंदन तरी म्हणायचं.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दाराची चौकट खांद्याला लागली. काळंनिळं झालंय. हे घर दिवसेंदिवस अरुंद होत चाललंय.

२ मार्च

आज वाईट दिवस.

सकाळी वाचनालयात जायला निघाले. निळी मागे घेत होते. आरसा, मान, पाय, सगळं नेहमीसारखं. एकदम मागे काहीतरी आदळलं आणि किंकाळी ऐकू आली. उतरून बघते तर भिंगरीची सायकल निळीच्या मागे आडवी पडलेली, पुढचं चाक वाकडं झालेलं, आणि भिंगरी जिन्याच्या पायरीवर पाय धरून बसलेली. चेहरा कागदासारखा.

"घसरले गं पायरीवरून," ती म्हणाली. "सायकल मीच मधे टाकली होती. घाईत होते. तू नको घाबरू, आजी. तू काही नाही केलंस."

मी कुठे म्हटलं मी काही केलं म्हणून?

तळमजल्यावरची नर्स रात्रपाळी करून नुकतीच आली होती, ती धावत आली. तिने पाय बघितला, भिंगरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काकू, किल्ली द्या, मी चालवते," म्हणाली. मी दिली आणि भिंगरीला धरून मागच्या सीटवर बसले. हॉस्पिटलमध्ये कळलं, पावलातलं एक हाड मोडलंय. सहा आठवडे प्लास्टर.

एकाच क्षणी दोन अपघात! इकडे सायकल, तिकडे पाय. देवाची कृपा की ती सायकलवर नव्हती, नाहीतर माझ्या हातून काय होऊन बसलं असतं. मी आधीपासून सांगत होते, सायकल म्हणजे जिवाशी खेळ.

४ मार्च

मुलाचा फोन आला. "आई, ती पायरीवरून पडलीच कशी? माकडासारखी जिने चढते ती." मी म्हटलं, माकडंही पडतात. तो तिला घेऊन जातो म्हणाला, ती नाही म्हणाली. नोकरी आहे, काम अर्धं आहे.

मग मी जाहीर केलं, मी सोडीन हिला रोज ऑफिसात आणि आणीनही. बसस्टॉप केवढा लांब, कुबडी घेऊन ती कशी जाणार?

मला वाटलं, आता भिंगरीचं पृथ्वीवरचं भाषण येणार. पण म्हणाली, "चालेल. एक अट आहे. तू कुठेही गाडी काढलीस तर मी बरोबर असणार. वाचनालयात, बाजारात, कुठेही. एकटी नाही जायचं."

"तुझा पण?"

"राहू दे पण."

मला हसू आलं. एका हाडाने जे केलं ते माझ्या सगळ्या युक्तिवादांनी केलं नव्हतं. निळीच्या शेजारच्या सीटवर ह्यांच्यानंतर रोज बसणारं कुणी नव्हतं. मी ती आज ओल्या फडक्याने पुसून घेतली.

६ मार्च

किती बोलते ही मुलगी! इतकी वर्षं मला वाटत होतं, ती अबोल आहे.

घराच्या फाटकातून निघाल्यापासून सुरू. "आजी, डावीकडून एक स्कूटरवाला येतोय बघ, काय शर्ट आहे त्याचा." "आजी, त्या बाईंचा कुत्रा बघ, रस्त्यावर उतरायच्या बेतात आहे." "उजवीकडे दोन मुली, हातात हात घालून, ओलांडणार वाटतं." प्रत्येक माणसाचं हिला कौतुक. मला आधी गंमत वाटली, मग लक्षात आलं, तिचं कामच ते. शिंप्याला जसे रस्त्यात कपडे दिसतात, तशी हिला चालणारी माणसं दिसतात. मलाही आता दिसायला लागली आहेत. एवढी वर्षं ह्या रस्त्याने जाते, इतकी माणसं कडेने चालतात हे कधी जाणवलंच नव्हतं.

शाळेसमोर एक उंचवट्याचं, रुंद पट्ट्यांचं क्रॉसिंग आहे. "इथे अगदी हळू हं आजी. हे माझं," ती म्हणाली. ह्याच क्रॉसिंगसाठी ती वर्षभर वरच्या साहेबांशी भांडत होती. मी गाडी थांबवून नीट बघितलं. चांगलं झालंय. मी तसं म्हटलं तर लाजली.

एकच गोष्ट जराशी लागली. मी गाडी चालवत असताना तिला झोप येत नाही. परतीच्या वाटेवर इतकी दमलेली असते, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण पाठ टेकत नाही. ताठ बसते आणि एक हात सारखा हँडब्रेकवर. मी म्हटलं, "हात जरा मांडीवर ठेव, अवघडेल." तर म्हणाली, "सवय आहे."

गाडीत न बसणाऱ्या मुलीला हँडब्रेकची सवय कुठून?

१३ मार्च

बांबू आला होता. मी चहा ठेवत होते, दोघं बाहेरच्या खोलीत बोलत होते. ऐकायचं नव्हतं, पण हे घर अरुंद आहे.

"हे चूक आहे," तो म्हणत होता. "रस्त्यावर बाकीची माणसंही असतात. तूच ऑफिसात सगळ्यांना सांगतेस ना?"

"माहितीय मला."

"मग?"

"मला थोडे दिवस दे. पाय बरा होईपर्यंत तरी. मी असते ना बरोबर."

"तुझ्या बाबांना तरी सांग."

"बाबांना सांगितलं की सगळंच बाहेर येणार. मग तिला काय वाटेल, कळतंय का तुला? ती ते आयुष्यभर घेऊन बसेल."

मला इतका राग आला त्या मुलाचा! एवढा कसला पण, की मोडक्या पायाच्या मुलीला गाडीत बसल्याचा जाब विचारायचा? आणि 'ती' म्हणजे त्यांच्या गटातली कुणी कडक बाई असणार, जिला भिंगरी घाबरते. मी चहा घेऊन गेले आणि स्पष्टच बोलले, "अरे, पाय मोडलेली मुलगी गाडीत बसली म्हणून काही पृथ्वी बुडत नाही."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. बांबू काहीतरी बोलणार होता, भिंगरीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मान खाली घातली. "नाही बुडत, आजी," म्हणाला. चहा न पिताच गेला.

२० मार्च

लिहायला फार काही नाही. सुखात आहे. भिंगरी ऑफिसातून लवकर निघते आणि माझ्याबरोबर वाचनालयात येते, प्लास्टरचा पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून बसते. येताना-जाताना तिची कॉमेंट्री चालू. "आजी, पिवळी छत्री." "आजी, हमाल, गाडा मागे घेतोय." मी तिला सिस्टरच्या गोष्टी सांगते. 'आधी आरसा, मग मान, मग पाय' तिला फार आवडलं. "मान किती वळवायची, आजी?" तिने विचारलं.

"खांद्यापर्यंत."

"त्याच्याही पुढे वळव ना. माझ्यासाठी."

आता खांद्यापुढे काय वळवणार, मी काय घुबड आहे? पण वळवली. खूश झाली.

जायच्या-यायच्या त्या थोड्या वेळासाठी मी दिवसभर थांबते हल्ली. म्हातारपणी माणसाला आणखी काय लागतं?

२७ मार्च

लिहायचं की नाही, असा विचार करत बसले होते. लिहिते.

भिंगरीला दोन दिवस जोराची सर्दी. आज सकाळी उठली तर आवाज अजिबात नाही, नुसती हवा. मी म्हटलं, आज रजा घे. तिने मान हलवली, आज काहीतरी मोठी मीटिंग होती. मग मला खुणेने टॅक्सी, टॅक्सी असं सांगायला लागली. मी म्हटलं, घरची गाडी असताना टॅक्सी? चल.

गाडीत शांतता होती. मला करमेना. किती सवय झाली होती तिच्या बोलण्याची. आणि एक विचित्र गोष्ट वाटली, ती अशी, की आज रस्ते रिकामे आहेत. स्कूटरवाले नाहीत, कुत्रे नाहीत, छत्र्या नाहीत. कुठे गेली सगळी माणसं, असं मनात आलं. मी तसं म्हटलंसुद्धा. भिंगरीने घशातून काहीतरी आवाज काढला आणि माझ्या दंडावर दोनदा हात मारला. मला वाटलं, मस्करी करतेय.

शाळेसमोर क्रॉसिंग आलं. मी हळू केली होती. क्रॉसिंग रिकामं होतं. हे मी पुन्हा लिहिते, रिकामं होतं. आणि निळी खाडकन थांबून बंद पडली. भिंगरीने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला होता.

समोर, बॉनेटला लागून, एक लहान मुलगी उभी होती. लाल दप्तर, दोन वेण्या. माझ्याकडे बघत होती. मुलं अशी हवेतून येत नाहीत. ती फुटपाथवरून उतरली असणार, पट्ट्यांवरून चालत चालत इथपर्यंत आली असणार, अगदी व्यवस्थित, शिकवल्यासारखी. ह्या सगळ्या वेळात ती कुठे होती?

तिची आई धावत आली, मुलीला ओढून जवळ घेतलं आणि काचेवर थाप मारून ओरडली, "दिसत नाही का तुम्हाला?"

गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी कुणी विचारतंच. मलाही विचारलंय. पण ह्या प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं, असं आज पहिल्यांदा वाटलं.

भिंगरी रडत होती, आवाज न करता. मी किल्ली काढली. निळी तिथेच, कडेला ढकलून लावली, लोकांनी मदत केली. आम्ही टॅक्सीने गेलो. नर्सने दुपारी जाऊन निळी घरी आणली.

२८ मार्च

सकाळी भिंगरी झोपलेली असताना खाली गेले. तिची सायकल जिन्याखाली ठेवलेली आहे, त्या दिवसापासून कुणी हात लावला नाही. मी खाली बसून नीट बघितली. एकदम नाही, मान वळवत, थोडं थोडं.

हँडलच्या टोकाला निळा रंग आहे. कॅरियरच्या वरच्या दांड्यालाही आहे. जमिनीवर आडव्या पडलेल्या सायकलला तो तिथे लागू शकत नाही. निळीचा धक्का बसला तेव्हा सायकल उभी होती. आणि ही सायकल आपली आपण उभी राहत नाही.

कितीतरी वेळ तिथेच बसून राहिले. नर्स कामावरून आली, माझ्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं, आणि काही न विचारता माझ्या शेजारी जमिनीवर बसली.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"पाय बघितल्यावर कळतं, काकू. घसरलेला पाय वेगळा मोडतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तिने शपथ घातली होती."

माझ्या शेजारच्या सीटवर बसून भिंगरीने जे केलं, त्याला मी कौतुक समजले, कॉमेंट्री समजले, नातीचं प्रेम समजले. शेवटचं तेवढं बरोबर होतं.

३० मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. एका भांड्यासारख्या यंत्रात डोकं घालायला लावलं, कडेकडेने बारीक दिवे लागतात आणि दिसला की बटण दाबायचं. मी फार कमी वेळा बटण दाबलं. मला वाटत होतं, यंत्र बंद पडलंय.

काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. कडेचं बरंचसं गेलंय, मधलं चांगलं आहे, म्हणून खालची ओळ वाचता आली. मी विचारलं, "पण मग मला कडेला काळं का दिसत नाही?" डॉक्टर म्हणाले, तिथे काळं दिसत नाही, काहीच दिसत नाही; आणि जे मुळात दिसत नाही ते नाहीसं झालंय, हे कळत नाही. गेलेलं परत येणार नाही. थेंब टाकले तर राहिलेलं राहील. गाडी चालवायची नाही. हे वाक्य त्यांनी अगदी हळू उच्चारलं, पण मी ते आधीच ऐकलं होतं, काचेवरच्या थापेत.

टॅक्सीत बसल्यावर भिंगरीला विचारलं, "त्या दिवशी सायकल कोणी धरली होती?"

तिचा आवाज अजून फुटलेला नाही. खिडकीबाहेर बघत घोगऱ्या आवाजात म्हणाली, "भिंतीने."

"भिंतींचा काही भरवसा नाही हल्ली," मी म्हटलं.

त्यावर आम्ही दोघी हसलो, आणि मग तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. माझ्या हातून तिचा पाय मोडला. ती मला हे कधीच म्हणू देणार नाही, म्हणून इथे लिहिते.

३१ मार्च

"तू मला अडवायला हवं होतंस," आज मी तिला म्हटलं. "त्या लहान मुलीला काही झालं असतं तर?"

"माहितीय." तिने कुबडी भिंतीला टेकवली. "बांबू बरोबर होता. मला रोज वाटायचं, आज सांगू. मग तू सीट पुसून ठेवलेली असायचीस."

चूक प्रेमाने केली तरी रस्त्यावरच्या माणसाला ती तेवढीच लागते. हे आता तिला माझ्यामुळे कळलं, आणि मला तिच्यामुळे.

८ एप्रिल

निळी कुठे जाणार नाही. आवारातच राहणार, पण आता ती चार घरांची आहे. नर्स चालवते, आणि समोरच्या बिल्डिंगमधले एक निवृत्त ड्रायव्हर. कुणाला रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायचं असलं की किल्ली नर्सकडे मागायची. भिंगरीचंच ते चार घरांत एक गाडी. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना नर्सनेच नेलं. मी वरून खिडकीतून बघत होते. नर्स निळी मागे घेत होती. आरसा बघितला, मान वळवली. पाय चांगला आहे तिचा.

मेकॅनिक भेटायला आला होता, हातात बिस्किटांचा पुडा. दारातच उभा राहिला. "मॅडम, मी तेव्हाच बोलायला हवं होतं. रंग लावत बसलो." त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला आत बसवलं. किती जणांनी माझ्याभोवती हळू पावलं टाकली, आणि मला वाटत होतं, मी एकटीने आयुष्य चालवतेय.

१७ एप्रिल

प्लास्टर निघालं. भिंगरी अजून थोडी लंगडते, पण चालते. आज आम्ही दोघी बसने वाचनालयात गेलो.

बसस्टॉपपर्यंतचा रस्ता मला चालून कधी माहीतच नव्हता. फुटपाथ कुठे उंच, कुठे खचलेला, कुठे मधेच एक खांब. भिंगरी सवयीने बोलत होती. "आजी, पायरी. आजी, डावीकडून सायकल." मी म्हटलं, "सांगत राहा." आणि मान वळवत होते, खांद्याच्या पुढे, घुबडासारखी. रस्ता ओलांडताना आठवलं, सिस्टरने सांगितलेलं पायी चालतानाही चालतं. फक्त आरसा नाही. त्या जागी ही आहे.

बसमध्ये दोघींना शेजारी जागा मिळाली. मला खिडकी दिली. कंडक्टरने विचारलं, कुठे उतरणार, तर भिंगरी म्हणाली, "आजी सांगेल, तिला रस्ता पाठ आहे."

पहिलं वळण आलं. माझ्या खांद्यावर काहीतरी जड पडलं. मान वळवून बघितलं तर भिंगरी झोपली होती. तोंड थोडं उघडं, हात मांडीवर सैल पडलेले, कशालाही न धरलेले.

मी जागी राहिले. आमचा स्टॉप चुकू द्यायचा नव्हता.